गणपूर्तीचे रोडगे

मांडवधरीच्या ग्रामसभेला खरोखरची माणसं आली पाहिजेत, असं महादेवराव साटोणे यांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत एकदाही वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याचा समज व्हायचा की हा माणूस पाळण्यातूनच घटना वाचत आला. तसं काही नाही. त्यांना फक्त नालीवर एक ढापा पाहिजे होता. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, सिमेंटचा. बाकी सगळं त्या ढाप्याच्या मागून आलं.

महादेवराव एस.टी.तून निवृत्त झालेले. आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक, म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारणारा माणूस. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी तो आवाज घशातून उतरला नव्हता. घरात जेवताना "मीठ आन" म्हणाले तरी शेजारची म्हातारी पिशवी घेऊन उभी राहायची. कंडक्टरकीच्या काळातली शिटी त्यांनी अजून जपली होती, शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी. आणि नियमांवर त्यांचा फार जीव. "नियम असला का मानसाले डोकं लावा लागत नाई," असं ते म्हणत, आणि तसे वागतही.

आता नाली. साटोण्यांच्या घरून सभामंडपात जायला दोन वाटा. एक सरळ डांबरी, ग्रामपंचायतीच्या ओट्यासमोरून. दुसरी घरामागून, नाली ओलांडून. दोन्हींत फरक शंभरेक पावलांचा. सभामंडपात रोज संध्याकाळी सहाला सामुदायिक प्रार्थना होते, त्यानंतर खंजिरीवर भजनं, आणि मांडवधरीत खंजिरी म्हणजे देवकाबाई, महादेवरावांची बायको. तीस वर्षांचा हात. देवकाबाई नालीच्या वाटेनं जायच्या. ती वाट जवळची म्हणून जातात, अशी महादेवरावांची समजूत. नालीत मधोमध एक दगड होता. एक पाय दगडावर, दुसरा पल्याड. दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो दगड कलंडला, देवकाबाई नालीत बसल्या आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. खंजिरी खुंटीला.

प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पोळ्या सुरू झाल्या, पण खंजिरी खुंटीवरून हलली नाही. संध्याकाळी तिकडून भजनाचा आवाज यायचा, खंजिरीवाचूनचा, अळणी, आणि इकडे देवकाबाई भाजी निवडत बसायच्या. निवडलेली भाजी पुन्हा निवडायच्या. महादेवरावांना ते बघवत नव्हतं. बायकोवर त्यांचा फार जीव होता; तो नोंदवायचा कोणत्या रकान्यात, एवढंच त्यांना आयुष्यभर सापडलं नव्हतं. शेवटी एकदा त्यांनी विचारलं, "काऊन जात नाई तू भजनाले?"

"जाईन," देवकाबाई म्हणाल्या.

यावरून महादेवरावांनी निदान केलं की हिला नालीची भीती बसली आहे. नालीवर ढापा पडला की भीती जाईल, भीती गेली की ही जाईल. त्याच दुपारी ते अर्ज लिहायला बसले.

अर्ज घेऊन संध्याकाळी ते ओट्यावर आले. ग्रामपंचायतीचा ओटा पाच ते दिवेलागणीपर्यंत गावातल्या वडीलधाऱ्या पुरुषांचा. खांबाला टेकून बसायची जागा महादेवरावांची, ती कोणी घेत नसे. रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायची, हे ओट्याचं मुख्य काम. कोठी चालले, कोनाकडे, केव्हा येता, पिशवीत का हाये. महादेवरावांनी तर या कामाला शिस्त आणली होती. गेलेला माणूस ठरल्या वेळेत परतला नाही की त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात देवकाबाई खंजिरी घेऊन समोरून चालल्या, तेव्हा त्यांनी फलाटाच्या आवाजात "चहा कोन करन?" असं विचारलं होतं आणि अख्खा ओटा हसला होता. ते वाक्य त्यांचं त्यांनाच आवडलं होतं.

ओट्याला लागूनच भैय्याजींचं किराणा दुकान. भैय्याजी गल्ल्यावर बसूनच सल्ला देत, उधारी एकवेळ नाही म्हणतील, सल्ला कधी नाही म्हणाले नाहीत. अर्ज वाचून त्यांनी तो तेलाचा हात न लागेल असा दोन बोटांत धरून परत केला.

"महादेवराव, माह्या दुकानामागं एक फरशी पडून हाये. दोन मानसं लावा, टाका नालीवर, विषय खतम."

"भैय्याजी, नाली कोनाची?"

"ग्रामपंचायतीची."

"मंग ढापा कोन टाकन?"

"जो पडन तो."

महादेवरावांना हे पटलं नाही. आज आपण फरशी टाकली, तर उद्या नाली फुटली तरी आपलंच नाव येईल, असं त्यांनी पुढचा अर्धा तास समजावून सांगितलं. भैय्याजींनी तेवढ्यात चार गिऱ्हाइकं केली. फरशी अजूनही तिथंच पडून आहे.

ग्रामसेवक धर्मेंद्र यांच्याकडे तीन गावांचा भार. मांडवधरीला ते मंगळवारी आणि शुक्रवारी येतात असं फळ्यावर लिहिलं होतं. पहिल्या मंगळवारी मीटिंग होती. शुक्रवारी ते आले, पण आवकचा शिक्का दुसऱ्या गावी राहिला होता. पुढच्या मंगळवारी शिक्का आला, शाईची गादी वाळली होती. महादेवरावांनी घरून थेंबभर पाणी आणून ती ओली केली, तेव्हा अर्जावर एक निळा डाग उमटला आणि धर्मेंद्र म्हणाले, "झाली आवक."

"मंग ढापा कधी?"

"काका, ढापा आराखड्यात नाई. गावाच्या विकास आराखड्यात यावा लागते. अन् आराखड्यात याले ग्रामसभेचा ठराव लागते. आपल्या मनानं मी टिकलीएवढं सिमेंट टाकू शकत नाई." धर्मेंद्र वाईट माणूस नव्हते. त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला. गावाच्या विकासात जनतेचा सहभाग, मुक्त संवाद, सर्वांचा विचार, असं त्यावर मोठ्या अक्षरात होतं आणि खाली पाल होती. "सव्वीस जानेवारीले सभा हाये. येजा न."

सव्वीस जानेवारीला महादेवराव कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेले. झेंडा झाला, पोरांची कवायत झाली, बुंदी वाटली. बुंदी संपली आणि गाव संपलं. ग्रामसभेसाठी सतरंजीवर महादेवराव, ग्रामसेवक, शिपाई कैलास आणि सरपंच वर्षालीताईंचे यजमान प्रफुल, एवढे चौघे उरले. सरपंच वर्षालीताई निवडून आल्यापासून ग्रामपंचायतीचं सगळं बोलणं प्रफुलच बोलत. ताई सह्या करायच्या. त्या दिवशी त्या दाराशी उभ्या राहून सही करून गेल्या.

"गणपूर्ती नाई," धर्मेंद्र घड्याळ बघून म्हणाले. "शंभर मानसं पाह्यजे. सभा तहकूब."

"मंग आता?"

"आता आठ दिवसानं तहकूब सभा. तिले गणपूर्ती लागत नाई. पन तिच्यात नवा विषय घेता येत नाई."

महादेवरावांनी हे दोनदा म्हणायला लावलं. म्हणजे ज्या सभेत विषय घेता येतो तिला माणसं नाहीत, आणि जिला माणसं लागत नाहीत तिच्यात विषय घेता येत नाही. "मंग गावाचा कारभार चालते कसा बावा?"

कैलासनं काखेतलं हजेरीचं रजिस्टर दाखवलं. ते प्रत्येक सभेनंतर सह्यांसाठी गावभर फिरायचं, आणि कागदावर गणपूर्ती व्हायची. आधी पिठाच्या गिरणीवर, मग न्हाव्याकडे, मग ओट्यावर. महादेवरावांनी पानं उलटली. गेल्या पाच वर्षांत ते अठरा ग्रामसभांना हजर होते. प्रत्येक सही त्यांची, खरी, वळणदार. एका सहीवर साबणाचा फेस वाळला होता; ती दाढी करतानाची. इतिवृत्त वाचलं तर आणखीच कठीण प्रसंग. गावाच्या वेशीवर स्वागत कमान उभारावी या ठरावाला "श्री. महादेवराव साटोणे यांनी अनुमोदन दिले व आनंद व्यक्त केला" असं लिहिलेलं होतं. कमान आराखड्यात होती. ढापा नव्हता. ज्या माणसानं सव्वीस वर्षांत एक तिकीट चुकीचं फाडलं नाही, त्यानं न केलेला आनंद सरकारदप्तरी व्यक्त झालेला होता.

अपमान त्यांच्या फार वर्मी लागला. "विशेष सभा बोलवा," ते प्रफुलला म्हणाले.

"बोलवतो न काका," प्रफुल म्हणाला. त्याची ना नव्हतीच. "पन शंभर मानसं तुम्ही आना. नव्व्यान्नव झाले तरी तहकूब."

"आनतो."

त्या दिवशी घरी पोचेपर्यंत दोनशे मीटरच्या आत चार माणसांनी त्यांना विचारलं, "कायले आनता?"

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारची तारीख पडली. महादेवरावांनी सभामंडपाचा भोंगा मागून घेतला आणि सलग तीन संध्याकाळी पुकारा केला. "ग्रामस्थांनी कृपया लक्ष द्यावे. विशेष ग्रामसभा रविवारी सकाळी ठीक अकरा वाजता ग्रामपंचायतीसमोरून सुटेल." सवयीचा परिणाम. याचा फायदा एवढाच झाला की रविवारी खास गाडी कुठं चालली आहे, असं विचारायला दोन बाया आल्या.

मग ते घरोघर गेले. लोक प्रेमानं बसवायचे, चहा द्यायचे, आणि ढाप्याच्या जागेबद्दल आपापलं मत द्यायचे. ढापा तिथं नको, माह्या घरापुढं पाह्यजे. ढापा नको, पाइप टाका. पाइप नको, नालीच बुजवा. एकानं तर नालीत दरवर्षी पडणाऱ्या आपल्या म्हशीचा विषय आधी घ्यावा असं सुचवलं, कारण म्हैस देवकाबाईंच्या आधीपासून पडत होती. सगळे शेवटी म्हणायचे, "येऊ न. रजिस्टर पाठवजा."

हरलेले महादेवराव भैय्याजींच्या दुकानात जाऊन बसले.

"तुम्ही एस.टी.वाले," भैय्याजी म्हणाले. "तुमच्या गाडीत लोक येत होते, कारण त्याईले कुठीतरी जाचं होतं. ग्रामसभेत त्याईले कुठीच जाचं नाई. रोडगे करा."

"रोडगे?"

"रोडगे, वांग्याची भाजी, वरन. वास गेला का शंभर का अन् दीडशे का."

आपल्या भागात रोडग्याला कोणी नाही म्हणत नाही. जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, जोडीला वांग्याची झणझणीत भाजी. माणूस लग्न चुकवेल, रोडगे चुकवणार नाही. पण रोडगे असतात नवसाचे. उगाच कोणी करत नाही. त्यामुळे महादेवरावांनी गोवऱ्या सांगितल्या तसा गावात एकच प्रश्न सुरू झाला, की नवस कोणता?

भजनी मंडळाच्या यशोदाबाई, वय पंच्याहत्तर, त्यांना रस्त्यात अडवून म्हणाल्या, "महादेव, रोडगे कोनत्या देवाचे रे?"

"देवाचे नाई मावशी. गणपूर्तीचे."

"असन बावा एखादी देवी," यशोदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

पुरुषांचा तर्क वेगळा. माणूस स्वतःच्या घरचे रोडगे गावाला घालतो म्हणजे तो निवडणुकीला उभा राहतो आहे. आठवडाभरात महादेवरावांचं पॅनेल तयार झालं, त्यांना न विचारता. कोणी उपसरपंचपद मागायला आलं, कोणी निशाणी कपबशी घ्या म्हणालं. प्रफुलचा चेहरा उतरला. तो एकदा येऊन बसला आणि बराच वेळ ऊनपाण्याचं बोलून म्हणाला, "काका, आपलं काही चुकलं असन तं सांगा." महादेवरावांनी शपथ घेऊन सांगितलं की मला फक्त ढापा पाहिजे. प्रफुलनं मान हलवली. एवढ्या खोल डावपेचांची त्याला मांडवधरीत अपेक्षा नव्हती.

देवकाबाईंनी तेवढ्यात एकदाच तोंड उघडलं. "एका ढाप्यापायी अख्ख्या गावाचं जेवन?"

"तत्त्वाचा प्रश्न हाये."

"बरं," देवकाबाई म्हणाल्या आणि वांगी किती लागतील ते बोटांवर मोजायला लागल्या.

सभेच्या तीन दिवस आधी ग्रामसेवकांना आठवलं की ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. "कायदा हाये. पन तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी कागदावर घेऊन टाकतो. नेहमी तसंच करतो."

कागदावर हा शब्द ऐकला आणि महादेवरावांच्या डोळ्यांपुढं तो साबणाचा फेस आला. "कागदावर नाई! खरी घ्या. माह्या अंगनात घ्या. शनिवारी लसून सोलाले सगळ्या येऊनच राह्यल्या."

हे वाक्य त्यांना नंतर पुष्कळदा आठवणार होतं.

शनिवारी दुपारी साटोण्यांच्या अंगणात साठेक बाया लसणाच्या टोपल्या घेऊन बसल्या. धर्मेंद्र रजिस्टर घेऊन गेले आणि दोन मिनिटांत रजिस्टर आत ठेवून बाहेर आले. "सरपंच ताई म्हनतात, आम्हीच लिहितो." प्रफुल बायकोला काय बोलायचं ते सांगायला फाटकापर्यंत गेला, फाटकाची कडी आतून लागली होती. मग दोन तास तिघे पुरुष रस्त्याच्या कडेला उभे. आतून कधी एकदम शांत व्हायचं, कधी इतकं हसू फुटायचं की झाडावरचे कावळे उडायचे. वर्षालीताईंचा आवाज महादेवरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. खणखणीत होता. स्टँडवर चालला असता.

"चांगली चर्चा चालली," महादेवराव समाधानानं म्हणाले. "ढाप्याले बायांचा पाठिंबा मिळून राह्यला."

शेवटी कडी निघाली. यशोदाबाईंनी घडी घातलेला कागद महादेवरावांच्या हातात दिला. "हे उद्या सभेत वाचाचं हाये. तुहा आवाज चांगला हाये, महादेव. तूच वाचजो. पन उद्याच उघडजो." महादेवरावांचा ऊर भरून आला. त्यांनी कागद खिशात, शिटीशेजारी ठेवला आणि नियमाप्रमाणे उघडला नाही.

रविवारी आठपासून गोवऱ्या पेटल्या. धूर आधी देवळाकडे जात होता, अकराच्या सुमाराला वारा फिरला आणि तो ग्रामपंचायतीत शिरला, त्यामुळे सभेचे पदाधिकारी सुरुवातीपासून डोळे पुसत होते. महादेवरावांनी पद्धत घालून दिली होती: आधी सही, मग पत्रावळ. कैलास रजिस्टर घेऊन रोडग्यांच्या वाटेवरच बसला. शेजारच्या गावचे बारा जण आले होते, त्यांना सही न घेता वाढायचं ठरलं. आणि मांडवधरीचे किती? एकशे त्रेसष्ट! धर्मेंद्रनी तीनदा मोजले. नोकरीत पहिल्यांदा त्यांनी गणपूर्ती डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतला.

प्रफुल माइककडे निघाला. महादेवराव आडवे आले. "थांबा. नियमाप्रमाने पयले महिला सभेच्या शिफारशी." त्यांनी माइक घेतला, कागद उघडला, घसा साफ केला आणि फलाटाच्या आवाजात सुरू केलं:

"ठराव क्रमांक एक. मौजा मांडवधरी येथील महिलांची सभा असे ठरविते की, ग्रामपंचायतीसमोरील ओटा रोज सायंकाळी पाच ते सात या वेळेत पुरुषांनी रिकामा ठेवावा."

सभेत हालचाल झाली. महादेवराव पुढं वाचत गेले. गाडी पुकारायला घेतली की मधे थांबता येत नाही, हे अंगात मुरलेलं.

"कारण. प्रार्थनेस जाणाऱ्या महिलांना सदर ओट्यावरून, कोठे चालल्या, कधी येणार, स्वयंपाक झाला काय, व चहा कोण करील, अशी विचारणा होते व हसण्यात येते. सबब महिला डांबरी रस्ता सोडून नालीकडून जातात. सदर नालीत आजवर चार महिला पडल्या असून एकीचे मनगट मोडले आहे. नालीवर ढापा टाकण्याची गरज नाही. रस्ता आहे. सूचक..."

इथं त्यांचा आवाज एकदम लहान झाला. भोंग्यातूनही लहानच आला. "सूचक, देवकाबाई महादेवराव साटोणे."

महादेवराव कागदाची घडी घालायला लागले.

"पुढचं वाच, महादेव," यशोदाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"ठराव क्रमांक दोन. वरील ठरावाच्या अंमलबजावणीसाठी, ज्यांच्याकडे शिटी आहे अशा ग्रामस्थाची नेमणूक करावी."

गावात शिटी एकच होती.

वर्षालीताई उठल्या. प्रफुलनं सवयीनं तोंड उघडलं होतं, तिकडे न बघता त्यांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूनं हात वर करा." बायांचे हात लसणाच्या वासासकट वर गेले. पुरुषांपैकी काहींनी विरोध करायचा विचार केला असावा, पण रोडगे वाढायच्या कढया बायांच्या हातात होत्या, आणि प्रत्येकाची बायको समोर बघत होती. ठराव मंजूर झाला. भैय्याजींनी टाळ्याही वाजवल्या; त्यांचं दुकान ओट्यावर नव्हतं, ओट्याला लागून होतं.

"आता काकांचा ढाप्याचा विषय," वर्षालीताई म्हणाल्या. बायांनी गरज नाही म्हटलं होतं, पण तोवर पहिली पंगत बसली होती, आणि ओट्यावरचे सगळे पुरुष एका सुरात "मंजूर, मंजूर" म्हणाले. जेवू घालणाऱ्याला हात हलवत कसं पाठवायचं? ढापा आराखड्यात गेला. महादेवरावांना आनंद झाला नाही. धर्मेंद्रनी इतिवृत्तात तो व्यक्त करून ठेवला.

दुपारी भांडी आवरून झाल्यावर दोघं मागच्या पायरीवर बसले. महादेवराव अजून जेवले नव्हते. देवकाबाईंनी झाकून ठेवलेला रोडगा फोडून त्यांच्यापुढं ठेवला, तूप घातलं.

"मले सांगाचं होतं न," ते म्हणाले. "भर सभेत काऊन?"

"तुम्ही इचारलं कुठी?"

"इचारलं होतं मी! काऊन जात नाई म्हनून!"

"होव. मी म्हनलं, जाईन. मंग तुम्ही अर्ज लिहाले बसले." देवकाबाईंनी आणखी चमचाभर तूप घातलं. "पाच वर्षं झाले. समोरून गेली का वाटे आता म्हनतात, मंग म्हनतात. तुम्ही एकदाच म्हनलं होतं, पन सगळे हासले न. मले लय वाईट वाटलं होतं."

महादेवरावांना ओटा हसला होता ते लख्ख आठवत होतं. देवकाबाईंचा चेहरा तेव्हा कसा होता, ते मात्र किती आठवलं तरी आठवेना, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. "चुकलं माहं," ते म्हणाले. ते इतक्या हळू आवाजात म्हणाले की शेजारच्या म्हातारीला काहीच ऐकू गेलं नाही.

"खा आता. थंड झाला रोडगा."

सोमवारी पाच वाजता महादेवरावांनी खांबाजवळच्या आपल्या जागेवर उभं राहून शिटी मारली. माणसं कुरकुरत उठली. "तुम्ही आमचे का त्यांचे?" असं एकानं विचारलं. "ठरावाचा," महादेवराव म्हणाले आणि स्वतःही खाली उतरले. आठवडाभर ओटेकरी गावात कुठं बसावं ते न कळून फिरत राहिले. घरी जायचं कोणाला सुचलं नाही.

आणि देवकाबाईंनी खंजिरी काढली. तिच्यावरची धूळ पदरानं पुसली, कातडं चुलीपाशी धरून शेकलं आणि त्या निघाल्या. पण पहिले काही दिवस यशोदाबाईंना, आणखी चौघींना सोबत घेऊन. सवय मोडायला वेळ लागतो.

चैत्रात ढापा आला. शासकीय काम, त्यामुळे सहा फुटांचा मंजूर ढापा आठ फुटांचा झाला, आणि हातभर उंच. त्याच्यावरून नाली ओलांडायला कोणी येईना. मात्र सावली चांगली पडायची, बाजूला कडुलिंब, उंची बसायला नेमकी. पहिल्यांदा कोण बसलं ते सांगता येत नाही, पण महिन्याभरात पाच ते सातचा ओटा ढाप्यावर भरायला लागला. नालीचा वास यायचा. त्याची सवय झाली. महादेवरावांची जागा कडुलिंबाकडच्या टोकाला, ती कोणी घेत नसे.

एके संध्याकाळी देवकाबाई एकट्याच डांबरी रस्त्यानं निघाल्या. हातात खंजिरी. ग्रामपंचायतीचा रिकामा ओटा त्यांनी ओलांडला, वळणावर आल्या आणि तिथून नालीपलीकडे ढाप्यावर रांगेनं बसलेली, पाय खाली सोडलेली, पाच डोकी त्यांना दिसली. त्यातल्या कडेच्या डोक्याकडे त्यांनी पाहिलं. ढाप्यावरच्यांना विचारपूस करायची फार इच्छा झाली होती, पण शिटी टोकाला बसली होती, म्हणून सगळे गप्प राहिले.

देवकाबाई थांबल्या. तीस वर्षं खंजिरीवर गाणाऱ्या बाईचा आवाज, त्याला माइक लागत नाही.

"अवो, कोठी बसले? चहा कोन करन?"

ढापा हसला नाही. भैय्याजी मात्र दुकानात हसले, ते इथपर्यंत ऐकू आलं. महादेवराव उठले, धोतराची माती झटकली आणि घराकडे चालू लागले.

"साखर वरच्या डब्यात हाये," देवकाबाईंनी मागून सांगितलं, आणि खंजिरीवर एक थाप मारून बघितली.